दोघांनी मिळून घर भाड्यानं घ्यायचं का? ठरवण्याआधी हे करून पाहा

आमचं पहिलं भाड्याचं घर आम्ही रविवारी दुपारी पाहिलं आणि सोमवारी टोकन देऊन मोकळे झालो. हॉलमध्ये ऊन आलं होतं, खिडकीबाहेर झाड होतं आणि भाडं दोघांच्या पगारातून सहज निघत होतं. आणखी काय पाहायचं असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. पाचव्या महिन्यात माझं काम अचानक थांबलं. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात भाडं जायचं, पण ते दिल्यावर महिना ढकलायला काही उरायचं नाही. करारात वर्षभराचा लॉक-इन होता, म्हणजे वर्ष पुरं होण्याआधी घर सोडलं तर पैसे भरावे लागणार होते. शेवटी डिपॉझिटवर पाणी सोडून आम्ही ते घर सोडलं.

पैसे गेले त्याचं दुःख होतंच. त्याहून जास्त त्रास झाला तो त्या दिवसांतल्या भांडणांचा. "तू तेव्हाच बोलायला हवं होतंस" हे आम्ही दोघांनीही एकमेकांना कितीदा तरी ऐकवलं. दुसऱ्या वेळी आम्ही एक चौकटीची वही आणली, घाई केली नाही आणि चार महिन्यांनी होकार दिला. पुढचं बरंचसं त्या वहीतलं आहे.

सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. भाडं परवडणं वेगळं आणि घर परवडणं वेगळं. हा फरक करारावर सही करायच्या आधी कळायला हवा. तुमचं लग्न झालेलं असो, ठरलेलं असो किंवा तुम्ही नुसतं एकत्र राहायचं म्हणत असा, हिशेब तोच.

## 1. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा

बोलण्याआधी लिहा आणि लिहून होईपर्यंत एकमेकांचा कागद पाहू नका. प्रश्न तीन:

- आत्ता आहोत तिथून का निघायचं?
- नव्या घरात कुठल्या दोन गोष्टी नसतील तर मी तिथे राहू शकणार नाही?
- या गावात आपण अजून किती दिवस असू?

माझ्या कागदावर होतं, "कामाला जायला अर्ध्या तासाच्या आत." त्याच्या कागदावर होतं, "दार लावून बसता येईल अशी एक खोली." पहिल्या घरात यातलं एकही नव्हतं. आणि त्याला दार लावून बसायची गरज असते हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. बोलता बोलता माणूस समोरच्याच्या होला हो मिळवून जातो. कागदावर तसं होत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "वर्षभर, फार तर दीड वर्ष" असं असेल, तर लांबचा करार आणि रिकामं घर दोन्ही टाळा. रिकाम्या घरात पलंग, कपाट, फ्रिज भरायचा आणि वर्षभरात निम्म्या किमतीला विकायचा, यात बरेच पैसे जातात. सामानासकट मिळणारं घर महिन्याला थोडं महाग वाटलं तरी अशा वेळी तेच स्वस्त पडतं.

आणि "का निघायचं" याचं उत्तर "सगळे मित्र निघाले म्हणून" असं निघालं, तर सहा महिने थांबायला काही हरकत नाही. आहे तिथेच राहणं, घरच्यांबरोबर राहणं, आणखी एका जोडीबरोबर मोठं घर वाटून घेणं, हेही खरेखुरे पर्याय आहेत. त्यांचाही विचार भाड्याच्या घराइतकाच मनापासून करा.

## 2. तीन आकडे काढा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिला आकडा: घरात पाऊल टाकेपर्यंत लागणारी रक्कम. डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं भाडं, एजंटचं कमिशन, कराराचा खर्च, सामान हलवण्याचा खर्च. एवढं बहुतेक जण मोजतात. पडदे, दिवे, बादल्या, झाडू, कुलपं, इंटरनेटची जोडणी, गॅस किंवा शेगडी, स्वयंपाकाची भांडी हे मोजत नाहीत. आमचं पहिल्या वेळी या किरकोळ वाटणाऱ्या सामानावरच जवळजवळ एका महिन्याचं भाडं उडालं. यादी करा, प्रत्येक वस्तूसमोर किंमत लिहा आणि वर आणखी दहावा हिस्सा धरा.

दुसरा आकडा: घराचा महिन्याचा खरा खर्च. भाडं अधिक इमारतीचा मेंटेनन्स, वीज, पाणी, गॅस, इंटरनेट आणि येण्याजाण्याचा वाढलेला खर्च. मेंटेनन्स भाड्यात धरलेला आहे की वेगळा द्यायचा, हे पहिल्याच फोनवर विचारा.

उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपर्यंत भाडं असावं असा एक ठोकताळा सगळीकडे सांगितला जातो. सुरुवातीला अंदाज घ्यायला तो ठीक आहे. पण तो हातात येणाऱ्या पगारावर लावा, कापाकापीच्या आधीच्या पगारावर नको. शिवाय घर दोघांच्या पगारावर चाललंय की एकाच्या, हे त्या ठोकताळ्याला कळत नाही. त्यासाठी तिसरा आकडा.

तिसरा आकडा: एक पगार थांबला तर महिन्याला किती तूट पडेल. समजा दोघांचं मिळून हातात येणारं उत्पन्न 100 आहे. एकाचं 60, दुसऱ्याचं 40. भाडं 30, घराचे बाकी खर्च 8. म्हणजे घराचा खर्च 38. किराणा, प्रवास, औषधं, आधीचे हप्ते, घरी पाठवायचे पैसे हे कितीही काटकसर केली तरी 25 च्या खाली येत नाही. आता 60 मिळवणाऱ्याची नोकरी गेली असं धरा. 40 मधून 38 घराला गेले, उरले 2, लागतात 25. दर महिन्याला 23 ची तूट. दुसरं काम मिळायला सहा महिने लागले तर 138 ची तूट, म्हणजे दोघांच्या जवळजवळ दीड महिन्याच्या पूर्ण पगाराएवढी. एवढे पैसे डिपॉझिट भरून झाल्यावरही गाठीशी असतील, तर ते घर तुम्हाला परवडतं. नसतील, तर भाडं दर महिन्याला वेळेवर जात असलं तरी ते घर परवडत नाही.

हाच हिशेब भाडं 22 आणि बाकी खर्च 6 धरून करा. तूट 13 वर येते, सहा महिन्यांची 78. भाडं 8 नं आणि बाकी खर्च 2 नं कमी केला, आणि लागणारी शिल्लक जवळजवळ निम्म्यावर आली. छोटं घर घ्यायला मन होत नसेल तेव्हा हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहा. आमचा निर्णय तिथेच फिरला. एक खोली कमी असलेलं घर आम्ही याच पानावर बोट ठेवून पक्कं केलं, आणि त्या घरात मला रात्री शांत झोप लागली.

भाडेवाढही आत्ताच धरा. करारात दरवर्षी 10 टक्के वाढ असेल तर आजचं 30 पुढच्या वर्षी 33 आणि तिसऱ्या वर्षी 36.3 होतं. 10 टक्क्यांनी साधारण सात वर्षांत भाडं दुप्पट होतं, 5 टक्क्यांनी चौदा वर्षांत. तुमचे पगार त्याच वेगानं वाढतील असं गृहीत धरू नका.

## 3. तीन महिने भाड्याची तालीम करा

आकडे काढून झाल्यावर पुढचं बाकी काही केलं नाहीत तरी चालेल, पण हा टप्पा कराच.

तुमचं ठरलेलं भाडं आणि घरखर्च मिळून जो आकडा आला, त्यातून सध्या राहण्यावर जे खर्च करता ते वजा करा. उरलेली रक्कम पगार झाला त्याच दिवशी एका वेगळ्या खात्यात टाका. तीन महिने. त्या खात्याला हात लावायचा नाही. महिन्याच्या शेवटी चणचण भासली आणि हात लावावाच लागला, तर तारीख आणि कारण वहीत लिहा.

आम्ही दुसऱ्या महिन्यात हात लावला. घरी एक आजारपण आलं आणि दोन तातडीचे प्रवास झाले. वाईट वाटलं, पण त्यातूनच कळलं की आमच्या हिशेबात "अचानक" नावाचा रकानाच नव्हता. तो घातल्यावर भाड्याची मर्यादा आणखी खाली आली.

तीन महिने खातं शाबूत राहिलं, तर तुमच्या हाती फक्त अंदाज नसतो, पुरावा असतो. आणि साठलेले पैसे डिपॉझिटच्या कामी येतात. तालीम जमली नाही तरी काहीच बिघडत नाही. कुणाला नोटीस द्यायची नाही, सामान हलवायचं नाही.

## 4. कोण किती देणार, हे गोडीत असतानाच ठरवा

निम्मं निम्मं हे ऐकायला न्याय्य वाटतं. वरच्याच उदाहरणात 30 भाड्याचे 15-15 केले, तर 60 मिळवणाऱ्याच्या पगारातले 25 टक्के जातात आणि 40 मिळवणाऱ्याचे साडेसदतीस. पगाराच्या प्रमाणात वाटलं तर 18 आणि 12 होतात, दोघांचेही 30 टक्के. मला स्वतःला प्रमाणात वाटणंच बरोबर वाटतं, कारण कमी मिळवणाऱ्याला दर महिन्याच्या शेवटी दुसऱ्याकडे मागायची वेळ येऊ नये. घरातलं काम, स्वयंपाक, धुणंभांडी यांतलं जास्त कोण करतं, तेही याच वेळी बोला. ते काम पगारात दिसत नसलं तरी घर त्यावरच चालतं.

याच बैठकीत आणखी दोन अवघड प्रश्न संपवून टाका.

करार कुणाच्या नावावर? दोघांची सही असेल तर बऱ्याच करारांत प्रत्येक जण पूर्ण भाड्याला बांधील असतो, निम्म्याला नाही. एकानं द्यायचं थांबवलं तर मालक दुसऱ्याकडून सगळं मागू शकतो. उलट एकाच्याच नावावर करार असेल, तर ज्याचं नाव नाही त्याचा घरात राहण्याचा हक्क कच्चा राहतो. जबाबदारी वाढली तरी दोघांची नावं घालणंच मला रास्त वाटतं. फक्त सही करताना आपण कशाला बांधील होतोय हे दोघांनाही कळलेलं असावं.

वेगळं व्हायची वेळ आली तर? हा विषय काढताना माझी जीभ जड झाली होती. तरी काढा. घर कोण सोडणार, डिपॉझिट कुणाचं, फ्रिज कुणी घेतला होता. आम्ही अर्ध्या पानात लिहिलं, खाली दोघांनी तारीख टाकली आणि ते पान परत उघडायची वेळ आली नाही. ते लिहिल्यावर आमच्यात काही बिनसलं नाही, उलट मोकळं वाटलं.

## 5. "त्यापेक्षा विकतच का घेत नाही?"

हे तुम्हाला कुणीतरी म्हणणारच. भाड्याचे पैसे वाया जातात आणि हप्त्याचे घरात जातात, असा तो युक्तिवाद असतो. तो अर्धाच खरा आहे. 20 वर्षांचं, वर्षाला 9 टक्के दरानं घेतलेलं कर्ज घ्या. पहिल्या हप्त्यातले साधारण 83 टक्के नुसतं व्याज असतं. पाच वर्षं न चुकता हप्ते भरल्यावरही मुद्दल जेमतेम 11 टक्के फिटलेलं असतं. व्याज, दुरुस्त्या, कर, खरेदीचा खर्च, हे पैसेही भाड्यासारखेच परत येत नाहीत.

झटपट पडताळा असा: तसल्याच घराची विक्रीची किंमत भागिले त्याचं वर्षाचं भाडं. उत्तर 15 च्या खाली आलं तर विकत घेण्याचा विचार जरूर करा, 20 च्या वर गेलं तर सहसा भाड्यानं राहणं स्वस्त पडतं. मधे असेल तर तुम्ही तिथे किती वर्षं राहणार यावर सगळं अवलंबून. नोकरीची घडी बसायची असताना दोन-तीन वर्षांसाठी घर विकत घेणं, हे मी तरी करणार नाही.

## 6. घर दोनदा पाहा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री

पहिल्या भेटीत माणूस घराच्या प्रेमात पडतो. म्हणून दुसरी भेट वेगळ्या वेळी आणि वही घेऊन करा. दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांतून सुरुवात करा आणि बाहेर पडेपर्यंत मत सांगू नका.

पाणी. स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडा, तो तसाच ठेवून बाथरूमचा नळ सोडा, मग फ्लश ओढा. धार कितपत बारीक होते पाहा. पाणी मोरीतून झरझर जातंय की तुंबतंय, सिंकखालचे पाइपचे सांधे कोरडे आहेत का, हात लावून पाहा. पाणी दिवसभर येतं की ठरावीक वेळी, हे मालकाला नाही, शेजाऱ्याला विचारा.

ओल. आमच्या पहिल्या घरात बेडरूमचं कपाट भिंतीला चिकटून होतं. राहायला गेल्यावर दोन महिन्यांनी मागं पडलेला रुमाल काढायला ते सरकवलं, तर भिंतीवर छातीच्या उंचीपर्यंत काळी बुरशी आणि हाताला लागताच गळणारे पोपडे. आत टांगलेल्या कपड्यांना येणारा कुबट वास आम्ही तोपर्यंत धुण्याच्या साबणाचा समजत होतो. तेव्हा दार उघडल्या उघडल्या पहिला श्वास नीट घ्या, तो वास पाच मिनिटांत नाकाला जाणवेनासा होतो. छताचे कोपरे, खिडकीखालची भिंत, बाथरूमला लागून असलेली भिंत तळहाताच्या मागच्या बाजूनं चाचपा. बाकी घर जुन्या रंगात आणि एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर कारण विचारा. कपाट सरकवायला सांगायला लाजू नका.

ओल दोन प्रकारची असते आणि फरक कळला तर दुरुस्ती कुणी करायची हा वाद मिटतो. एक, पाइपातून किंवा बाहेरून झिरपणारी. दुसरी, खोलीतली दमट हवा गार भिंतीला लागून तिथे पाणी साचतं ती. राहायला गेल्यावर शंका आली तर भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येतेय, ते काम मालकाचं. खोलीकडच्या बाजूला आले तर हवा खेळती ठेवायला हवी, ते काम आपलं.

वीज. फोनचा चार्जर बरोबर न्या आणि प्रत्येक सॉकेटला लावून पाहा. गीझर आणि आणखी एखादं मोठं उपकरण एकदम चालू करून पाहा, वीज जाते का. मीटर तुमच्या घराचा वेगळा आहे की दोन घरांत एक, हे डोळ्यांनी पाहून घ्या.

ऊन, आवाज, फोन. पश्चिमेच्या भिंतीला दुपारभर ऊन लागतं आणि ती खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. झोपायची खोली तीच असेल तर उन्हाळ्याचा विचार करा. सगळ्यात आतल्या खोलीत दार लावून एक फोन करून पाहा. रात्री गेलात की लिफ्टचा, रस्त्याचा, वरच्या मजल्याचा आवाज आपोआप कळतो. जिन्यातले दिवे लागतात का आणि एकटीनं उशिरा यायचं झालं तर रस्ता कसा वाटतो, तेही रात्रीच कळतं.

दोघांचं घर म्हणून. एकाला पहाटे उठायचं असेल आणि दुसऱ्याला उशिरापर्यंत काम असेल, तर एकाचा दिवा दुसऱ्याच्या डोळ्यांवर न येता राहता येईल का? दोघांचे कॉल एकाच वेळी असतील तर कोण कुठे बसेल? आम्ही रिकाम्या घरात खरोखर तसं बसून पाहिलं. तो आतल्या खोलीत दार लावून बोलला, मी ओट्याजवळ उभी राहिले. त्याचा शब्दन् शब्द ऐकू आला आणि ते घर आम्ही सोडून दिलं.

मापाची टेप विसरू नका. पलंग, कपाट, दाराची रुंदी, जिन्याचं वळण.

निघताना शेजारी भेटले तर एकच विचारा: आधीचे लोक का गेले?

## 7. करार आदल्या दिवशी मागून घ्या

सहीच्या टेबलावर करार पहिल्यांदा वाचू नका. मसुदा एक-दोन दिवस आधी मागा, दोघांनी वेगवेगळा वाचा. द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तीच धोक्याची खूण समजा. वाचताना हे शोधा:

- लॉक-इन किती आणि मधेच सोडावं लागलं तर नेमकं किती द्यायचं
- नोटीस किती दिवसांची आणि ती दोन्ही बाजूंना सारखीच आहे का
- डिपॉझिट किती दिवसांत परत आणि कुठल्या कारणासाठी कापणार
- रोजच्या वापरानं होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारलेली नाही ना
- नळ, वायरिंग, गळती, गीझर यांची दुरुस्ती कुणाकडे
- भाडेवाढ किती आणि कधी
- पाहुणे, पाळीव प्राणी, घरून काम याबद्दल काही अट

लॉक-इन हा सगळ्यात महागात पडणारा शब्द आहे. दुसऱ्या घराच्या वेळी आम्ही एक वाक्य घालायला सांगितलं: दोघांपैकी एकाची नोकरी गेली किंवा बदली झाली, तर दोन महिन्यांची नोटीस देऊन घर सोडता येईल. मालकांनी थोडा विचार केला आणि मान्य केलं. विचारलंच नसतं तर मिळालं नसतं.

"रंग मी लावून देतो", "गीझर बदलतो" ही तोंडी आश्वासनं करारात किंवा निदान मेसेजमध्ये तारखेसह लिहून घ्या. तुमच्या भागात कराराची नोंदणी लागते का, डिपॉझिटला काही मर्यादा आहे का, हे तिथल्या कायद्याप्रमाणे बदलतं. सहीआधी एखाद्या वकिलाला तासभर दाखवणं डिपॉझिट घालवण्यापेक्षा खूपच स्वस्त.

फसवणुकीचे सापळे. घर न पाहता टोकन मागणारा, "मी परदेशात आहे, किल्ली पाठवतो" म्हणणारा, आसपासच्या भाड्यापेक्षा फारच कमी सांगणारा आणि "आणखी तिघं रांगेत आहेत, आजच पैसे टाका" म्हणून दामटणारा. यांच्यापैकी कुणालाही एक पैसा देऊ नका. मालकीच्या कागदावरचं नाव, मालकाचं ओळखपत्र आणि पैसे जाणारं खातं, तिन्ही ठिकाणी एकच नाव असायला हवं. रोख दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या.

## 8. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रांची फाइल घरं बघायला सुरुवात करतानाच तयार ठेवा. चांगलं घर कागदाच्या एका प्रतीसाठी हातचं जातं.

- दोघांची ओळखपत्रं आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा
- दोघांच्या गेल्या काही महिन्यांच्या पगाराच्या पावत्या. स्वतःचा व्यवसाय असेल तर कर भरल्याची कागदपत्रं
- बँकेचं खातेपत्रक
- नोकरीचं पत्र
- आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र, मिळत असेल तर
- फोटो, आणि मागितलाच तर जामीनदाराचे कागद

ओळखपत्राच्या प्रतीवर "फक्त भाडेकरारासाठी" असं लिहून तारीख टाका.

घर पाहायला जाताना पिशवीत टेप, चार्जर, टॉर्च, वही, पेन.

## 9. होकार वेगवेगळा द्या

घर पसंत पडलं, आकडे जुळले, मसुदा वाचून झाला. आता एक रात्र मधे जाऊ द्या. सकाळी दोघांनी चिठ्ठीवर "हो" किंवा "नाही" लिहा. एक जरी "नाही" आलं तरी ते घर नाही. कारण नंतर शांतपणे बोला, पण त्या माणसाचं मन वळवायला बसू नका. ओढूनताणून घेतलेल्या घरात पहिली गळती झाली की "मी आधीच म्हटलं होतं" सुरू होतं. आमच्या चिठ्ठ्यांवर दोनदा एक हो आणि एक नाही आलं, आणि दोन्ही वेळा आम्ही पुढचं घर बघायला निघालो.

## 10. किल्ली हातात आली की, सामान आत नेण्याआधी

एक तास काढा. प्रत्येक खोलीचा दारापासून सुरू होणारा व्हिडिओ करा. भिंतीवरचे डाग, तडे, खिळ्यांची भोकं, नळ, फरशा, खिडक्यांच्या काचा यांचे जवळून फोटो घ्या. विजेच्या, पाण्याच्या, गॅसच्या मीटरचे आकडे तारखेसह टिपा. घरात आधीपासून असलेल्या वस्तूंची यादी करा, पंखे किती, दिवे किती, किल्ल्या किती, आणि त्यावर मालकाची सही घ्या. मालकांची हरकत नसेल तर मुख्य दाराचं कुलूप बदला.

पहिलं घर सोडताना डिपॉझिट तर गेलंच, वर आमच्याकडून एका फरशीचे पैसेही मागितले गेले होते. ती फरशी आम्ही राहायला गेलो तेव्हाच तडकलेली होती, पण दाखवायला आमच्याकडे काही नव्हतं. म्हणून हे सगळे फोटो त्याच दिवशी मालकाला पाठवा आणि "पाहिले" एवढं उत्तर आल्याशिवाय विषय सोडू नका. मग सामान आत घ्या.